डॉक्टर दूर, औषध हातात

आमचे डाळज गाव इंदापूर तालुक्यात आहे. पुणे-सोलापूर रस्ता जवळ आहे. उजनीचे पाणीही जवळ आहे. पण घरात कुणी आजारी पडले, की भिगवण लांब वाटते. बारामती तर फारच लांब. मग आपण काय करतो? गोळ्यांचे रिकामे पाकीट कुणाच्या तरी हाती देतो. "येताना एवढ्या गोळ्या आणा बरं," असं सांगतो.

आमच्या शेजारच्या आजींचे असेच झाले. त्यांना रक्तदाबाची ५ मिलिग्रॅमची गोळी होती. आली १० ची. पाकिटाचा रंग तोच. आकडा कुणी वाचला नाही. चार दिवसांनी आजी चक्कर येऊन अंगणात पडल्या. आम्ही मास्तर. रोज त्यांच्याकडे चहाला जात होतो. पण आम्हीही पाकीट पाहिले नाही!

आता दूरच्या डॉक्टरांना गावातून विचारता येते. सरकारने २०१९ साली 'ई-संजीवनी' ही सोय सुरू केली. सोय असलेल्या आरोग्य उपकेंद्रात जावे. तिथले आरोग्य अधिकारी पडद्यावर डॉक्टरांची गाठ घालून देतात. डॉक्टर विचारपूस करतात, चिठ्ठी देतात. केंद्रात असलेले औषध फुकट मिळते. म्हणजे एक खेप वाचते, मजुरीही बुडत नाही.

पण पडद्यावरून पोट दाबून पाहता येत नाही. साप चावला, छातीत कळ आली, तर पडद्यापुढे बसू नये. १०८ ला फोन करावा. मादक द्रव्यांच्या कायद्यातली काही औषधेही डॉक्टरांना दुरून लिहून देता येत नाहीत. तसा २०२० चा नियम आहे.

दुकानातही जपावे. १९४८ च्या कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरचे औषध नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनेच द्यायचे असते. चिठ्ठी आणि औषध ताडून पाहणे हे त्याचे काम. म्हणून रिकामे पाकीट पाठवू नका, चिठ्ठी पाठवा. फार्मासिस्टला विचारा, "ही गोळी कशाची? केव्हा घ्यायची?" विचारण्यात लाज कसली?

औषध घरी आले, की चार गोष्टी वाचा. नाव कोणते? आकडा किती? मुदत कधी संपते? लाल रेघ आहे का? लाल रेघेचे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही.

डॉक्टर दूर असतील, दुकान दूर असेल. पण पाकीट आपल्या हातात असते. आज घरी गेलात, की एक पाकीट काढा. त्यावरचा आकडा मोठ्याने वाचा. चिठ्ठीशी जुळतो का, पाहा.