नावे वेगळी, औषध एकच

पंचगंगेचे पाणी ओसरले की वस्तीत तापाचे रुग्ण वाढू लागतात आणि घराघरांत पॅरासिटामॉलची पाकिटे निघतात. औषध चांगले आहे. योग्य प्रमाणात घेतले तर अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. बिघडते ते मोजण्यात. म्हणून आमचे सांगणे आजाऱ्यापेक्षा त्याच्या उशाशी बसणाऱ्याला आहे, मग ती आई असो, सून असो वा दहावीतली मुलगी.

क्रोसिन, कॅलपॉल, डोलो ही नावे वेगळी, पण आत पॅरासिटामॉलच. अंगदुखीच्या कॉम्बिफ्लाममध्ये ते आयबुप्रोफेनबरोबर असते. सर्दीच्या सिनारेस्टमध्येही असते. आता हिशेब करा. तापासाठी ६५०ची गोळी चार वेळा, म्हणजे २,६०० मिलिग्रॅम. अंगदुखीसाठी कॉम्बिफ्लाम तीन वेळा, त्यात ९७५. सर्दीच्या ५००च्या तीन गोळ्या, म्हणजे १,५००. बेरीज ५,०७५. धडधाकट मोठ्या माणसाची चोवीस तासांची वरची हद्द ४,००० आहे. ज्याचे वजन पन्नास किलोपेक्षा कमी, जो रोज दारू पितो किंवा ज्याला यकृताचा आजार आहे, त्याची हद्द याहून खाली असते. ती डॉक्टरांनाच विचारावी. दोन गोळ्यांत किमान चार तास, शक्यतो सहा तास जाऊ द्यावेत. कॅलेंडरच्या चौकटीत वेळ लिहून ठेवली की रात्रपाळीहून आलेला माणूस तीच गोळी पुन्हा देत नाही.

जास्त झालेले पॅरासिटामॉल यकृत जाळते, आणि फसवते ते इथेच. पहिल्या दिवशी थोडी मळमळ, कधी तेही नाही. डोळे पिवळे दिसायला दोन-तीन दिवस लागतात. यावर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे. तो पहिल्या आठ तासांत दिला तर उत्तम लागू पडतो. त्यामुळे ‘बरा दिसतोय’ म्हणून थांबू नका. १०८ला फोन करा किंवा थेट सीपीआर गाठा, रिकामे पाकीट सोबत न्या.

लहान मुलांचे औषध वयावर नाही, वजनावर ठरते. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. दहा किलोच्या मुलाला एका वेळी फार तर १५० लागते. थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरमध्येच १०० असते. सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये कुठे १२०, कुठे २५०. म्हणजे थेंबांचे औषध सिरप समजून पाच मिलिलिटर पाजले, तर बाळाच्या पोटात ५०० जाते! लेबल वाचा. घरातला चमचा नको, बाटलीबरोबरचे माप किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर औषध देत बसू नका, दवाखान्यात न्या.

ही गोळी ताप उतरवते, तापाचे कारण घालवत नाही. डेंग्यूची शंका असेल तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळावे. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तेव्हा पॅरासिटामॉलच द्यावे, पाणी-पेज भरपूर पाजावी, आणि दोन दिवसांत उतार नसेल तर रक्त तपासावे. डेंग्यूत ताप उतरतो त्याच दिवसांत धोका वाढतो. पोटात सतत दुखणे, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे, यातले एकही दिसले तर रात्र असली तरी सीपीआरला न्या.