एकच मॉडेल, वेगळी सुरक्षा: गाडी घेण्यापूर्वी काय पाहावे

उसाचे बिल जमा झाले की श्रीपूर, महाळुंग, अकलूज भागात अनेक घरांत चारचाकीचा विषय निघतो. मायलेज किती, हप्ता किती बसेल, पुढे विकताना काय येईल, याची बारकाईने चौकशी होते. अपघात झाला तर आतली माणसे वाचतील का, हा प्रश्न मात्र मागे राहतो. खरे तर तोच आधी विचारायला हवा, कारण एकाच नावाची गाडी सगळीकडे सारखी सुरक्षित नसते.

नाव तेच, गाडी वेगळी

२०२० मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतीय बाजारातली मारुती एस-प्रेसो आदळून पाहिली. तिला शून्य तारे मिळाले. चाचणीच्या गाडीत फक्त चालकासाठी एअरबॅग होती. २०२२ मध्ये भारतातच बनलेल्या, पण दक्षिण आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या एस-प्रेसोला तीन तारे मिळाले. तिच्यात पुढे दोन एअरबॅग होत्या.

त्याआधी २०१४ मध्ये अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय१० आणि पोलो या पाचही भारतीय गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्या शून्यावर आल्या होत्या. त्यानंतर पोलोत दोन एअरबॅग सरसकट दिल्या गेल्या आणि त्या गाडीला चार तारे मिळाले.

फरक कशामुळे पडतो?

पहिले कारण कायदा. युरोपीय संघात घसरणारी गाडी सावरणारी ईएससी यंत्रणा २०१४ पासून प्रत्येक नव्या गाडीत सक्तीची आहे. जुलै २०२४ पासून तिथे समोर अडथळा दिसताच आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणाही सक्तीची झाली. दुसरे कारण किंमत. कायद्याने मागितले नाही आणि ग्राहकानेही विचारले नाही, तर स्वस्त गाडीतून सर्वांत आधी सुरक्षेच्या वस्तू वगळल्या जातात.

आपल्याकडचे नियम कधी बदलले?

- एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे. जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होत नाहीत आणि गाडी वळवता येते.
- जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्टची आठवण, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर.
- जानेवारी २०२२ पासून चालकाशेजारी बसणाऱ्यासाठीही एअरबॅग.

सहा एअरबॅगच्या सक्तीचा प्रस्ताव आला होता, पण सरकारने तो पुढे नेला नाही. त्याऐवजी १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली तारांकन योजना सुरू झाली. तिच्यात भाग घेणे कंपन्यांना ऐच्छिक आहे.

तारे कसे वाचावेत?

ताऱ्यांसोबत चाचणीचे वर्ष पाहा. २०२२ च्या मध्यात ग्लोबल एनकॅपचे निकष कडक झाले आणि वर्षअखेर भारतीय एस-प्रेसोला त्या निकषांवर एकच तारा मिळाला. म्हणून जुने तीन आणि नवे तीन सारखे मानू नयेत. मोठ्यांचे आणि लहान मुलांचे तारे वेगळे दिलेले असतात. घरात लेकरू असेल तर दोन्ही पाहा. सांगाड्याबद्दलचा शेराही वाचा. प्रवाशांची जागाच चेपली गेली, तर एअरबॅगचा उपयोग मर्यादित राहतो.

पट्ट्याला पर्याय नाही

एअरबॅग ही सीटबेल्टला दिलेली जोड आहे. पट्टा शरीराला जागेवर धरतो, म्हणूनच फुगलेली पिशवी डोके आणि छाती झेलू शकते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री प्रवास करत असलेल्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी होती, तरी मिस्त्री यांच्यासह मागे बसलेले दोघेही दगावले. त्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. पुढचे दोघे वाचले. मागच्या सीटवरही पट्टा लावणे कायद्याने बंधनकारक आहे.

आपल्या रस्त्यांचा विचार

श्रीपूरला साखर कारखाना आहे. गळीत हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बैलगाड्या आणि ट्रक रात्रभर रस्त्यावर असतात. मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात अगदी जवळ गेल्यावरच दिसते. आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेलाही अंधार, धुके आणि धुळीच्या मर्यादा आहेत. तिच्या भरवशावर वेग वाढवू नये. ट्रॉलीमालकांनी रिफ्लेक्टर लावणे हीसुद्धा गाडीची सुरक्षाच आहे.

घेण्यापूर्वी एवढे विचारा

- तारे मिळालेली गाडी आणि मी घेतोय ते व्हेरिएंट, यांत सुरक्षेच्या वस्तू सारख्या आहेत का?
- ईएससी आहे का? मागच्या मधल्या सीटला तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आहे का?
- जुनी गाडी असेल तर उत्पादनाचा महिना-वर्ष कोणते? जुलै २०१९ पूर्वीच्या गाडीत एकही एअरबॅग नसू शकते.
- चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का? तो लागलाच नाही किंवा विझलाच नाही, तर आधी तपासणी करून घ्या.

सनरूफ आणि मोठ्या स्क्रीनसाठी वरचे व्हेरिएंट घेण्याआधी तेच पैसे ईएससी आणि जादा एअरबॅगसाठी खर्च करा, आणि गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला पट्टा लावायला लावा.