पांढरी पाचच्या किंचित वर

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तिचं डीसीत रूपांतर होताना जी थरथर मागे राहते ती दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झची असते. हा सूर खर्जातल्या पांढरी पाचपेक्षा जरा चढा आणि काळी चारपेक्षा उतरलेला. हार्मोनियमच्या कुठल्याच पट्टीवर तो बसत नाही. विलंबित ख्यालाचं रेकॉर्डिंग लावावं आणि स्पीकरमधून हा हम येत असावा, म्हणजे गायकानं षड्ज लावण्याआधीच खोलीत एक परका सूर ठाण मांडून बसतो. ढोलताशांच्या गजरात तो बुडून जाईल. नुसता तानपुरा चालू असताना मात्र तो दडत नाही.

आवाजावर जीव असलेला माणूस या त्रासातूनच पॉवर कंडिशनरकडे वळतो. भिंतीतला सॉकेट आणि स्टीरिओ यांच्यामध्ये बसणारी ही पेटी काही हजारांपासून काही लाखांपर्यंत मिळते. वीज ‘स्वच्छ’ झाली की आवाजाची पार्श्वभूमी निवळते, वाद्यं सुटी ऐकू येतात, असं विक्रेते सांगतात आणि घेणारेही मनापासून सांगतात. माझ्या मते, नीट बांधलेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीत हा दावा टिकत नाही. आपल्या घरांतला खरा दोष बहुतेक वेळा अशा जागी असतो, जिथे ही पेटी पोचतच नाही.

आधी अ‍ॅम्प्लिफायरच्या आत काय घडतं ते पाहू. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचा दाब उतरवतो, चार डायोडांचा ब्रिज प्रवाह एका दिशेला वळवतो आणि मोठे कपॅसिटर तो साठवतात. गच्चीवरच्या टाकीसारखंच हे काम आहे: नगरपालिकेचं पाणी ठरावीक वेळी येतं, नळाला दिवसभर मिळतं. कपॅसिटर फक्त लाटेच्या माथ्यावर, सेकंदाला १०० वेळा, थोडा वेळ भरून घेतात. स्पीकरपर्यंत जाणारी ताकद या साठ्यातून येते, थेट भिंतीतून नाही. प्रीअ‍ॅम्पच्या नाजूक भागाला तर ७८१५ आणि ७९१५ यांसारख्या तीन पायांच्या रेग्युलेटरमधून बांधून ठेवलेले १५-१५ व्होल्ट मिळतात. त्यापुढे एनई ५५३२ सारखी चिप असेल, तर पुरवठ्यात उरलेली थरथर ती कमी फ्रिक्वेन्सीला सुमारे १०० डेसिबलने दाबते, म्हणजे एका व्होल्टच्या जागी एक लाखांश व्होल्ट. जे काम सॉकेटपाशी विकत घ्यायचं, ते आत आधीच झालेलं असतं.

रेडिओ लहरींच्या टापूत चिपची ही दाबण्याची ताकद घटते, हे खरं. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, पंख्याचे ट्रायॅकवाले रेग्युलेटर तारांमध्ये असा कचरा सोडत असतात. अशा रेग्युलेटरजवळ मीडियम वेव्हचा रेडिओ लावला की चरचर लगेच कळते. फ्रिज बंद होताना थर्मोस्टॅटच्या संपर्कात ठिणगी पडते आणि स्पीकरमध्ये ‘टक्’ होतं. फिल्टरवाला कंडिशनर इथे उपयोगी पडू शकतो. पण त्याची कॉइल आणि कपॅसिटर साधारण लाखभर हर्ट्झच्या पुढेच नीट काम करतात. ५० आणि १०० हर्ट्झच्या हमला तो हातही लावत नाही.

मग हम येतो कुठून? आपल्याकडे सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे ग्राउंड लूप. अ‍ॅम्प्लिफायर एका सॉकेटवर अर्थ झालेला, टीव्ही दुसऱ्यावर, आणि सेटटॉप बॉक्सला केबलवाल्याची वायर गच्चीवरून आलेली. तिचं बाहेरचं जाळीदार कवच दूर कुठेतरी वेगळ्याच ठिकाणी जमिनीला टेकलेलं असतं. दोन अर्थांमध्ये किंचित जरी दाबाचा फरक असला, तरी ऑडिओ वायरच्या कवचातून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरत राहतो आणि तो थेट संगीतात मिसळतो. खात्री करायला सेटटॉप बॉक्सची केबल काढून पाहावी. हम तत्काळ थांबला, तर गुन्हेगार सापडला. कंडिशनर अर्थची तार जशीच्या तशी पुढे देतो, त्यामुळे ही वाट तो तोडत नाही. तरी कधीकधी तो लावल्यावर हम जातो, कारण त्या निमित्ताने सगळे प्लग एकाच पेटीत येतात आणि दोन अर्थांमधलं अंतर मिटतं. चांगल्या तीन पिनच्या एक्स्टेंशन बोर्डानेही तेच झालं असतं. हम घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन कापायचा उपाय काही जण सुचवतात. तो कधीही करू नये, त्यात जीव जातो.

अर्थिंगच धड नसेल तर प्रकरण उलटतं. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण वरच्या भोकाला आत तारच नसते. फिल्टरमध्ये फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन सारखे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ तुटलेली असली की ते दाब निम्मा-निम्मा वाटून घेतात आणि पेटीच्या धातूच्या अंगावर, तिला जोडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्याही, सुमारे ११५ व्होल्ट येऊन बसतात. प्रवाह थोडा असतो, पण बोटाला मुंग्या येतात, टेस्टर पेटतो आणि हम असेल तर वाढतो. म्हणून आधी वायरमनला बोलवावं. तो फेज आणि अर्थमध्ये ६० वॅटचा दिवा धरून पाहतो: दिवा लख्ख पेटला तर अर्थ आहे, मिणमिणला तर कच्ची आहे. घरात आरसीसीबी, म्हणजे प्रवाह गळू लागताच वीज तोडणारा स्विच, असेल आणि अर्थ चांगली असेल, तर दिवा धरताच हा स्विच पडतो, कारण ६० वॅटचा दिवा पाव अँपिअर ओढतो आणि आरसीसीबी ३० मिलिअँपिअरवरच सुटतो.

कंडिशनर लावल्यावर आवाज सुधारला असं ज्यांना वाटतं, ते खोटं बोलत नसतात. कान आणि अपेक्षा एकत्रच ऐकतात. आवाजाची पातळी थोडी जरी चढली, तरी ती आपल्याला ‘जास्त मोठी’ वाटण्याऐवजी ‘जास्त चांगली’ वाटते. म्हणूनच बेल लॅब्जच्या मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० मध्ये मांडलेली पद्धत मोलाची आहे: ऐकणाऱ्याला अ आणि ब ओळखीचे करून द्यायचे, मग क्ष ऐकवायचा आणि तो दोघांपैकी कोणता ते विचारायचं. घरीही हे जमतं. दुसऱ्या कुणीतरी नाणं उडवून कंडिशनर जोडायचा किंवा काढायचा, ऐकणाऱ्याने पाठ फिरवून बसायचं, व्हॉल्यूमला हात लावायचा नाही. १६ फेऱ्यांत १२ उत्तरं बरोबर आली तर दखल घ्यावी. निव्वळ अंदाजाने इतकं यश मिळण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते.

विजेने संगीत खरोखर बदलल्याचं उदाहरण आपल्या देशात आहे, आणि ते रेकॉर्ड प्लेअरचं आहे. सिंक्रोनस मोटरच्या टर्नटेबलचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालतो. विजेची तूट असलेल्या काळात ग्रिड भार पेलताना वाकायची. फ्रिक्वेन्सी ४८.५ वर आली, तर तबकडी तीन टक्के हळू फिरते आणि सबंध मैफल सुमारे पाव स्वराने खाली येते. काळी चारमध्ये गाणारी गायिका काळी चार आणि पांढरी पाच यांच्या अधेमधे ऐकू येते आणि सोबत तबलापेटी लावून रियाज करणाऱ्याला ती मिळेनाशी होते. त्यावर इलाज होता तो मोटरसाठी क्रिस्टलच्या आधारे नवी ५० हर्ट्झची वीज घडवण्याचा. २००२ च्या जुलैमध्ये पश्चिम ग्रिडवर उपलब्धतेनुसार दर ठरवण्याची पद्धत आली, ठरल्याबाहेर वीज ओढण्याची किंमत फ्रिक्वेन्सीशी बांधली गेली आणि ग्रिड सावरली. २०१४ पासून ४९.९० ते ५०.०५ हा पट्टा ठरलेला आहे. त्यातला फरक कानाला कळण्याजोगा नाही.

उरला तो सुरक्षेचा प्रश्न, आणि तिथे पैसे खर्च करायला मी आनंदाने सांगेन. रस्त्यावरच्या खांबापाशी न्यूट्रल तुटला की एकेका घराच्या सॉकेटवर ३००, ३५० व्होल्टही येऊ शकतात. सर्ज रोखणारा एमओव्ही विजेच्या क्षणिक धक्क्यासाठी असतो. असा दाब मिनिटभर राहिला की तो जळतो. अशा वेळी लागतं ते व्होल्टेज मर्यादेबाहेर गेल्यावर पुरवठाच तोडणारं साधं कटऑफ, आणि पावसाळ्यात ढग गडगडू लागले की प्लग काढून ठेवणारा हात.