दाढ काढावी की वाचवावी? आमच्या खिशाचा अनुभव

व्यापारी माणूस वसुली आणि दुखणे, दोन्ही पुढच्या आठवड्यावर ढकलतो. आमचेही तेच झाले. ईदच्या मालाची गर्दी होती. डावीकडच्या खालच्या दाढेला थंड पाणी लागले की कळ थेट मस्तकात जायची. लवंगेचे तेल, मेडिकलमधली गोळी, असे तीन आठवडे काढले. मग एक दिवस दुखणे आपोआप थांबले. आम्ही खूश, फुकटात काम झाले!

खरे म्हणजे दाढेतली नस मेली होती. दाताच्या आत मऊ गर असतो, त्यात नसा आणि रक्तवाहिन्या असतात. कीड तिथवर पोचली की गर सुजतो, पण भोवती कडक भिंत, सुजायला जागा नाही, म्हणून ती कळ. गर मेला की कळ जाते आणि घाण मुळाच्या टोकातून हाडात उतरते. महिन्याभराने आमचा गाल फुगला. अँटिबायोटिकने सूज उतरते खरी, पण मेलेल्या गरात रक्त फिरत नाही, औषध आत पोचणार कसे? गोळ्या म्हणजे उधारीवाल्याने दिलेली पुढची तारीख.

बाजारात सगळ्यांचा एकच सल्ला, "शेठ, काढून टाका, झंझट मिटेल." उजवीकडची एक दाढ आम्ही अशीच स्वस्तात काढली होती. शेजारची दाढ त्या फटीत कलली, घास अडकू लागला आणि त्या बाजूने चावणे बंदच झाले. आता डावीकडचीही गेली तर खायचे कशाने? म्हणून रूट कॅनॉल करायचे ठरवले.

इंजेक्शनने जबडा बधिर झाल्यावर फारसे दुखत नाही. दाढेला वरून भोक पाडून मेलेला गर काढतात. खालच्या दाढेला बहुधा दोन मुळे आणि तीन नळ्या असतात, कधी चार. एखादी नळी राहून गेली तर काम पुन्हा उपसावे लागते. बारीक कानशीसारख्या सुयांनी नळ्या साफ करतात, औषधी पाण्याने धुतात, एक्स-रे काढून लांबी पाहतात आणि शेवटी गटापर्चा भरतात. हा मलायाकडच्या झाडाचा चीक. 1851 मध्ये इंग्लंड आणि फ्रान्सच्या मध्ये समुद्राखालून तार टाकली, तिच्यावर हेच वेष्टण होते. माल जुना आहे, भरवशाचा आहे.

दोन बैठकींत काम झाले. डॉक्टरांनी बजावले, पंधरा दिवसांत कॅप बसवा, दाढ आतून पोकळ झाली आहे. आम्ही सुरतेच्या खरेदीत अडकलो. दुखत तर नव्हतेच, शिवाय कॅपचे पैसे वेगळे. चार महिन्यांनी फुटाणे खाताना दाढ उभी चिरली, थेट मुळापर्यंत. अशी दाढ वाचत नाही. ग्रे कापड विकत घ्यावे आणि प्रोसेसला न पाठवता गोदामात कुजवावे, तसा हा धंदा झाला. रूट कॅनॉलचे पैसे गेले, दाढही गेली. त्या जागी ब्रिज बसवला, त्यासाठी शेजारचे दोन चांगले दात घासावे लागले. इम्प्लांटचा भाव ऐकून आम्ही खुर्चीवरून उठलो होतो.

म्हणून आमच्या दुकानदार भावांना सांगणे, भाव ठरवताना कॅप धरूनच विचारा. काम संपल्यावरचा एक्स-रे मागा. शुगर असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, आपल्या मनाने गोळी बंद करू नका. हात आखडता असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत. शिकाऊ डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च बराच कमी येतो, फक्त खेपा वाढतात. साच्यावरच्या कामगाराची मात्र प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडते, तेही हिशेबात धरले पाहिजे.

यंदा वरच्या एका दाढेला थंड लागू लागले. तिसऱ्याच दिवशी गेलो. कीड गरापर्यंत पोचली नव्हती, साध्या फिलिंगवर भागले. अर्ध्या तासात मोकळे झालो आणि दुपारी दुकान उघडले.