भयाद्भुत कथेंतील खरीं माणसें

भुताची गोष्ट खोटी असते हें शाळकरी मुलासही ठाऊक असतें. तरी ती ऐकतांना त्याच्या अंगावर कांटा उभा राहतो. जें घडणें शक्यच नाहीं त्याचें भय शहाण्या माणसास कां वाटावें? इंग्रज कवि कोलरिज यानें १८१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या वाङ्मयचर्चेंत याचें उत्तर सुचविलें आहे. वाचक आपला अविश्वास कांहीं काळ आपखुषीनें दूर ठेवतो, असें त्याच्या म्हणण्याचें तात्पर्य. मात्र हा करार वाचक एका अटीवर करतो. एक अघटित गोष्ट तो मान्य करील. पण तिच्या भोंवतालचीं माणसें त्याच्या ओळखीचीं असलीं पाहिजेत.

आपल्या साहित्यशास्त्राकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगानें रसनिष्पत्ति होते, असें भरतानें सांगितलें. भयानकाच्या मागें लागलेले लेखक पुष्कळदां विभावांचीच गर्दी करतात. स्मशान, अमावास्या, घुबड, पडका वाडा, सर्व कांहीं हजर असतें. परंतु ज्याच्या मनांत भय उपजावयाचें तो माणूसच कथेंत नसेल, तर हें सारें नेपथ्य रिकाम्या रंगभूमीवर उभें राहतें.

ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ ही १८९७ सालची कादंबरी घ्या. तिचा आरंभ एका तरुण वकिलाच्या रोजनिशीनें होतो. लंडनमधील एका मालमत्तेच्या व्यवहारासाठीं तो ट्रान्सिल्व्हानियास निघाला आहे. गाडी उशिरा पोंचल्याची तो नोंद करतो; वाटेंत मिरपुडीची कोंबडी आवडली म्हणून, भावी पत्नीसाठीं तिची कृति मागून घेतली पाहिजे, असें टिपून ठेवतो. असा मनुष्य खोटें कशाला लिहील? पुढें काउंटच्या गढींत आल्यावर एकदां, यजमान स्वतःच आपलें अंथरूण घालीत आहे, हें तो पाहतो. म्हणजे गढींत नोकरचाकर कोणीच नाहीं. मग आपल्याला घेऊन आलेला गाडीवानही हाच असला पाहिजे! एका घरगुती तर्कानें येथें जें भय उत्पन्न होतें, तें शंभर किंकाळ्यांनीं झालें नसतें.

दुसरी गोष्ट नियमांची. हा काउंट सर्वशक्तिमान् नाहीं. आरशांत त्याचें प्रतिबिंब पडत नाहीं. घरांतल्या कोणी बोलाविल्याशिवाय त्याला प्रथम आंत शिरतां येत नाहीं. विश्रांतीसाठीं त्याला मायदेशची माती लागते. अद्भुतालाही मर्यादा असली म्हणजेच त्याच्याशीं झुंजणाऱ्यांच्या बुद्धीला व धैर्याला कांहीं किंमत येते. वाटेल तें घडूं शकतें अशा जगांत कोणाचेंही शौर्य खरें वाटत नाहीं.

याहून खोल उदाहरण मेरी शेली यांच्या ‘फ्रॅंकेन्स्टाईन’चें आहे. १८१६ च्या उन्हाळ्यांत जिनीव्हा सरोवराच्या कांठीं या कथेचें बीज पडलें, तेव्हां लेखिका अठरा वर्षांची होती. पुस्तक १८१८ सालीं निघालें. व्हिक्टर हा विद्यार्थी निर्जीव अवयवांतून एक जीव घडवितो आणि त्यानें डोळे उघडतांच किळस येऊन पळून जातो. हा जीव बोलावयास शिकतो तो एका गरीब कुटुंबाच्या भिंतीआडून, त्यांचें संभाषण ऐकून. त्यांचें दारिद्र्य लक्षांत येतांच तो त्यांचें अन्न चोरण्याचें सोडतो आणि रात्रीं गुपचूप त्यांच्यासाठीं सरपण आणून ठेवतो. घरांतला आंधळा वृद्ध त्याच्याशीं मायेनें बोलतो. पण इतक्यांत मुलें परततात, त्याचें रूप पाहतात, आणि मुलगा त्याला काठीनें झोडपतो. त्यानंतर त्याच्या हातून एका निष्पाप बालकाचा खून होतो. आपण त्याला क्षमा करीत नाहीं. पण तो असा कां झाला हें आपल्याला कळत नाहीं, असेंही म्हणवत नाहीं.

आणि व्हिक्टर? त्या खुनाचा आळ जस्टीन नांवाच्या निरपराध मुलीवर येतो. खरा खुनी कोण याविषयीं व्हिक्टरची खात्री असते; परंतु आपण बोललों तर लोक वेडा म्हणतील, म्हणून तो गप्प राहतो आणि ती फांशीं जाते. साऱ्या पुस्तकांत याहून भयंकर प्रसंग क्वचितच असेल, आणि त्यांत अद्भुत असें कांहींच नाहीं. एका सुशिक्षित, सभ्य माणसाचें मौन आहे, इतकेंच.

आपल्या वेताळपंचविशींतला पेंचही मौनाचाच आहे. उत्तर ठाऊक असून राजा बोलला नाहीं तर त्याचें मस्तक फुटणार. बोलला तर वेताळ पुन्हां झाडावर जाणार. उत्तर ठाऊक असतें तोंवर राजा बोलतो आणि पुन्हां झाडाची वाट धरतो. खांद्यावरच्या प्रेतापेक्षां त्याची ही सचोटीच आपल्या लक्षांत राहते.

म्हणून घरांतल्या तरुण वाचकांच्या हातीं अशीं पुस्तकें दिसलीं तर घाबरून तीं काढून घेण्याचें कारण नाहीं. मात्र एक कसोटी त्यांना अवश्य शिकवावी. कथेंतलें भूत क्षणभर वजा करावें आणि मागें काय उरतें तें पाहावें. कांहींच उरलें नाहीं तर ती कथा केवळ दचकविणारी होती. आणि अशा कथांच्या अतिसेवनानें कुरूप तें दुष्ट, एवढाच धडा मन गिरवूं लागतें. पण भूत गेल्यावरही एखादा भित्रा बाप, एखादा एकाकी जीव, एखादें गप्प बसलेलें सभ्य घर उरलें, तर ती कथा पुन्हां वाचावी. अंधारांत दार ठोठावणाऱ्याला भिण्यापूर्वीं तो बाहेर कां राहिला, हें विचारावयास ती शिकवील.