बोदवडला मासा मिळतो, पण वार बघून

बोदवडला चांगला मासा कुठे मिळेल, असं कुणाला विचारलं तर आधी हसू येतं आणि मग उत्तर. प्यायच्या पाण्याची दर उन्हाळ्यात ओरड असलेला तालुका. शेतात कपाशी, मका, ज्वारी. ताटात भरीत, शेवभाजी, कळण्याची भाकरी. अशा गावात मासा खायचा म्हणजे भुसावळला जाऊन गाडी पकडावी आणि थेट मुंबई गाठावी, असं सांगणारे पुष्कळ. त्यांचं म्हणणं सगळंच खोटं नाही. पण माशाबद्दलचे आपल्याकडचे बरेच समज समुद्रकाठच्या माणसांकडून ऐकून घेतलेले आहेत, आणि खान्देशात ते लागू पडत नाहीत. हॉटेलात पैसे वाया जातात ते त्यामुळेच.

"समुद्र लांब, म्हणजे मासा शिळा"

पहिली गोष्ट, मासा म्हणजे फक्त समुद्राचा नव्हे. बोदवडच्या उत्तरेला मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवजवळ तापी आणि पूर्णा एकत्र येतात आणि त्याच पाण्यावर हतनूरचं धरण उभं आहे. पावसाळ्यात ज्याचे 41 दरवाजे उघडल्याच्या बातम्या येतात, तेच. या पाण्यात रोहू, कटला, मृगळ आहेत, वाम आहे, मिशांचा शिंगाडा आहे, मरळ आहे, आणि कुणी न बोलावता येऊन राहिलेली चिलापीही आहे. भोई आणि कोळी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या या नद्यांत जाळी टाकत आली आहेत. जलाशयांतली मासेमारी सहसा मच्छीमारांच्या सहकारी संस्था ठेक्याने घेतात. रात्री लावलेलं जाळं पहाटे उचललं की तो मासा दुपारच्या आत कढईत पडू शकतो. असा ताजेपणा मुंबईतल्या कित्येक नामांकित हॉटेलांच्या नशिबी नसतो.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मोठे ट्रॉलर समुद्रात एका दिवसासाठी जात नाहीत. आठवडाभर, कधी त्याहून जास्त दिवस ते बाहेर असतात. पहिल्या दिवशी पकडलेला मासा खणात बर्फाखाली पडून असतो आणि बोट धक्क्याला लागेल तेव्हा तो बाहेर येतो. म्हणजे धक्क्यावर उभं राहून घेतलेली सुरमईसुद्धा पाच-सहा दिवसांची असू शकते. तिच्या आयुष्यात मुंबई ते भुसावळ या 445 किलोमीटरच्या एका रात्रीने फार फरक पडत नाही. सुरतेच्या बाजूने तर आपण समुद्राला आणखी जवळ आहोत: उधना ते जळगाव हा तापीकाठचा रेल्वेमार्ग जेमतेम 307 किलोमीटरचा.

इटलीत मिलान नावाचं शहर आहे. त्याला समुद्र नाही, बंदर नाही. तरी तिथला घाऊक मासळीबाजार त्या देशातल्या मोठ्या बाजारांत गणला जातो आणि मासे खायला लोक मिलानला जातात. पैसा आणि गिऱ्हाईक जिथे, तिथे मासा धावत जातो.

शिवाय समुद्र बोदवडला काल-परवा आलेला नाही. आठवडी बाजारात सुकट आणि सुके बोंबील विकायला बसणाऱ्या बायका किती वर्षं बसताहेत ते कुणाच्या आजीला विचारा. शेतातून येऊन सुकट भाजायची, कांदा-मिरचीबरोबर परतायची आणि भाकरीशी खायची, ही समुद्राचीच चव आहे. आपण तिला मासे खाणं म्हणत नाही, एवढंच.

"बर्फातला मासा नको, ताजा दाखवा"

बर्फाचा राग माशावर काढू नये. मासा खराब करतं ते ऊन, आणि बर्फ त्याला आडवा येतो. शून्य अंशाच्या आसपास, भरपूर बर्फात, पहिल्यापासून नीट ठेवलेला मासा आठवडाभर खाण्यालायक राहतो. उलट नदीतून सकाळी काढलेला आणि मे महिन्यात 44 अंशांच्या उन्हात टोपलीत दुपारपर्यंत उघडा राहिलेला मासा ताजा या नावाखाली विकला जातो. तो घेण्यापेक्षा पेटीतला बरा. पाहायचं ते हे की बर्फ माशाच्या वर-खाली दोन्हीकडे आहे का आणि तो अजून बर्फ आहे का. तळाशी लालसर पाणी आणि त्यात तरंगणारे मासे दिसले तर पुढच्या दुकानी चला.

"मासा कुठल्याही दिवशी सारखाच"

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हा.

समुद्रकाठी मासा रोज खाल्ला जातो, म्हणून तिथे अंतर आणि भरती-ओहोटी बघतात. आपल्याकडे बघायचं ते कॅलेंडर. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मंगळवारी कुणी देवीचं करतं, कुणी गणपतीचं. एकादशी आणि चतुर्थी वेगळ्या. त्यात हा मुक्ताबाईंचा मुलूख. गळ्यात तुळशीची माळ असलेली घरं गावोगाव आहेत आणि तिथे मासा कोणत्याच वारी शिजत नाही. उरले रविवार, बुधवार आणि शुक्रवार. विकणाऱ्याला हे तुमच्या-माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो माल त्याच दिवसांच्या हिशेबाने मागवतो. रविवारी दुपारी हॉटेलात जो मासा येतो तो त्या दिवसासाठी आलेला असतो. सोमवारी रात्री त्याच हॉटेलात तोच पदार्थ मागवलात तर रविवारी कुणी न खाल्लेला मासा तुमच्या ताटात येण्याची शक्यता बरीच. आचारी तोच, मसाला तोच, भावही तोच.

हे फक्त आपलंच आहे असं मानू नये. व्हेनिस शहर तर पाण्यातच उभं आहे, पण तिथला रियाल्तोचा प्रसिद्ध मासळीबाजार रविवारी आणि सोमवारी बंद असतो. म्हणून सोमवारी मासे मागवताना जाणकार इटालियन माणूसही दोनदा विचार करतो. वारांची कारणं वेगळी, परिणाम एकच.

वर्षाचंही तसंच. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या प्रजननाचा काळ. लहान बिगरयांत्रिक होड्या तेवढ्या जातात. आणि आपली गटारी, म्हणजे आषाढ अमावस्या, पडते जुलैत नाहीतर ऑगस्टच्या पूर्वार्धात. श्रावणाच्या आधीचा शेवटचा बार म्हणून ज्या दिवशी पापलेटसाठी उड्या पडतात, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरच्या बोटी एक तर बांधलेल्या असतात, नाहीतर नुकत्याच सुटलेल्या. त्या दिवसाचा समुद्री मासा बराचसा शीतगृहातला, किंवा पूर्व किनाऱ्याचा. तिकडची बंदी 14 जूनला संपते. आपल्या नद्यांतले रोहू-कटलाही पावसाच्या वाहत्या पाण्यातच अंडी घालतात, म्हणजे तेव्हा त्यांनाही सोडलेलं बरं. दिवाळीनंतर जलाशयाचं पाणी उतरू लागलं की जाळ्यात मासा चांगला येतो. खान्देशात मासे खाण्याचे महिने ते. गटारीला मी तरी कोंबडीच खाईन.

"पाटीवर लिहिलंय म्हणजे तेच आहे"

महामार्गावरच्या ढाब्यावर 'तापीचे ताजे मासे' अशी पाटी असली तरी कढईतला रोहू तापीचा असेलच असं नाही. देशात गोड्या पाण्यातल्या माशांच्या उत्पादनात आंध्र प्रदेश पहिला आहे. तिथल्या तळ्यांत वाढवलेले रोहू आणि कटला बर्फाच्या पेट्यांत भरून देशभर जातात. आपल्या बाजारातही सारख्या मापाचे, सारख्या वजनाचे कटले रांगेत मांडलेले दिसले तर ते बहुधा तळ्यातले. नदी एका मापाचे मासे देत नाही. तळ्यातला मासा वाईट नसतो. फक्त त्याला तापीचा म्हणून जास्त पैसे मोजू नयेत.

बिनकाट्याच्या माशाचंही तेच. 'फिश फिंगर', 'फिश टिक्का' म्हणून येणारे पांढरे, मऊ, काटा नसलेले तुकडे पुष्कळदा बासाचे असतात. बासा म्हणजे पंगासियस जातीचा, तळ्यात वाढवलेला मिशाळ मासा. व्हिएतनामहून गोठवून येतो आणि आता आपल्या देशातही भरपूर पिकतो. तो विषारी असल्याचं फोनवर फिरत असतं, त्याकडे दुर्लक्ष करा. स्वस्त आणि बिनचवीचा मासा आहे, एवढाच त्याचा गुन्हा. पण सुरमईच्या भावात तो विकला तर ती फसवणूक.

मांगूरची गोष्ट जरा गंभीर. कायद्याने बंदी आहे ती आफ्रिकन मांगूरवर. तो वाटेल ते खातो, स्थानिक मासे फस्त करतो आणि घाणेरड्या पाण्यातही पोसला जातो. राष्ट्रीय हरित लवादाच्या 2019 च्या आदेशानंतर महाराष्ट्रात त्याची तळी शोधून साठे नष्ट करण्यात आले. देशी मांगूर वेगळा आणि तो चालतो. पण रश्श्यातल्या तुकड्यावरून दोन्ही ओळखता येत नाहीत. म्हणून काळा, बिनखवल्याचा, फारच स्वस्त मासा कुणी आग्रहाने वाढत असेल तर नको म्हणा.

इटलीत हॉटेलवाल्याला एक शिस्त पाळावी लागते. पदार्थ गोठवलेल्या मासळीचा असेल तर मेन्यूत त्याच्या नावापुढे तारा छापून खाली तसं लिहायचं. न लिहिता विकला तर तो व्यापारातली फसवणूक म्हणून फौजदारी गुन्हा ठरू शकतो. आपल्या मेन्यूकार्डांवर असा तारा दिसत नाही. तो येईपर्यंत तोंडाने विचारणं हाच उपाय.

"कल्ले लाल म्हणजे मासा ताजा"

कल्ले पाहावेत, पण कल्ल्यांवर थांबू नये. ते धुता येतात, रंगवताही येतात. डोळा रंगवता येत नाही. तो फुगीर आणि चकचकीत असला पाहिजे, आत गेलेला आणि दुधाळ नको. बोट दाबून उचललं की खळगा भरून यायला हवा. पोट घट्ट हवं. मरळ घेत असाल तर यातलं काहीच बघायला नको. हा मासा हवेतूनही श्वास घेतो, ओल्या टोपलीत तासन्‌तास जिवंत राहतो आणि जिवंतच विकला जातो. म्हणून तो महाग आणि म्हणूनच तो बिनघोर. ओळखीच्या ढाबेवाल्याला सकाळी फोन करून मरळ ठेवायला सांगितलं तर या भागातलं माशाचं सर्वात चांगलं जेवण तेच, असं माझं मत आहे.

"आपल्या मसाल्यात सगळं मरतं"

खान्देशी काळा मसाला जबरदस्त असतो. कांदा आणि खोबरं काळं होईपर्यंत भाजलेलं, त्यात धणे, लाल मिरची, खडा मसाला, वर तेलाचा तवंग. त्यात जंतू मरतात, हे खरं. पण बांगडा, टूना, सुरमई यांसारखे मासे उष्म्यात राहिले की त्यांच्यात हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार होतं. ते उकळून जात नाही आणि तळूनही जात नाही. मासे खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होणं, अंगावर गांधी उठणं, डोकं ठणकणं याला आपण 'मासे मानवत नाहीत' म्हणतो. कित्येकदा तो मासाच नीट ठेवलेला नसतो. जीभ चुरचुरली तर तिथेच थांबा. झणझणीत रश्श्यात ते कळत नाही, म्हणून नव्या हॉटेलात पहिल्यांदा रस्सा न मागवता साधा तळलेला तुकडा मागवावा. मीठ, हळद आणि थोडं तिखट लावलेल्या तुकड्याला लपायला जागा नसते.

याच्या उलटही होतं. नदीच्या माशाला येणारा गाळाचा वास शिळेपणाचा समजून लोक चांगलं ताट परत पाठवतात. तो वास जिओस्मिनचा. पाण्यातल्या सूक्ष्मजीवांपासून तो तयार होतो आणि माशाच्या चरबीत उतरतो. पहिल्या पावसाच्या मातीच्या वासातही हेच द्रव्य असतं. आंबटाने ते कमी होतं, म्हणून मासा चिंचेच्या कोळात किंवा लिंबात मुरवतात. वास मातीचा असेल तर हरकत नाही, अमोनियासारखा नाकाला झोंबणारा असेल तर ताट परत करा.

जेवणानंतर आइस्क्रीम आलं की टेबलावरचं कुणीतरी हमखास म्हणतं, मासे आणि दूध, कोड येईल. कोड हा शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेतल्या रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटल्याने होतो. माशांशी किंवा दुधाशी त्याचा संबंध नाही. बंगाली घरांत मासा दह्यात शिजतो.

हॉटेल कसं निवडावं, तर एसी, रंगीत दिवे आणि फोनवरचे तारे यांना कमी मार्क द्या. अन्नसुरक्षा परवान्याचा 14 अंकी क्रमांक भिंतीवर आहे का, ते पाहा. दुपारी दोनला ताटं भराभर फिरताहेत का, तेही पाहा. मासे ज्या हॉटेलात रोज संपतात तिथे फ्रीजरला काम कमी. माशांचे चोवीस प्रकार लिहिलेल्या कार्डापेक्षा 'आज फक्त कटला आहे' असं सांगणारा वेटर जास्त विश्वासाचा. बसल्या बसल्या एवढंच विचारा, आज कोणता मासा आला आणि कधी आला? नाव आणि वेळ सांगितली तर मागवा. 'सगळं आहे साहेब, एकदम फ्रेश' असं उत्तर आलं तर शेवभाजी सांगा. ती बोदवडला कोणत्याही वारी चांगली मिळते.