डोंगर ओलांडणारी लहर

महाराष्ट्राचा नकाशा घ्या आणि सिंहगडावर पट्टी टेकवून सरळ दक्षिणेला रेघ ओढा. ती डावी-उजवी न होता कोयना धरणावर येते. दोन्ही ठिकाणांचा रेखांश जवळजवळ एकच, ७३.७५ अंश पूर्व. मधलं हवाई अंतर सुमारे १०७ किलोमीटर. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि १९७३ मध्ये सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्यासाठी त्याचं सहक्षेपण होऊ लागलं. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर. पृथ्वीवर डोंगर नसते, तर एवढ्या उंचीवरून सुटलेल्या टीव्हीच्या लहरीला क्षितिज दीडशे किलोमीटरच्या जवळपास लागलं असतं, आणि धरणाजवळचं कोयनानगर आरामात तिच्या टप्प्यात आलं असतं.

पण ती रेघ जमिनीवरून कुठून जाते ते पाहा. आधी भोरच्या दक्षिणेचा रायरेश्वर-केंजळगडाचा मुलूख, मग महाबळेश्वर-पाचगणीची धार, मग बामणोलीच्या बाजूने कोयनेचा शिवसागर जलाशय. रायरेश्वर आणि महाबळेश्वर तर सिंहगडापेक्षाही उंच आहेत. म्हणजे मनोऱ्याच्या माथ्यावरून कुणी दक्षिणेला पाहिलं, तर कोयनेचं खोरं दिसणार नाही, त्याच्या अलीकडचे डोंगर दिसतील. साताऱ्याचा अजिंक्यतारा कोयनेला त्या मानाने जवळ, चाळीस किलोमीटरवर. दूरदर्शनचा मनोरा तिथेही आहे. पण तिकडून येणाऱ्या लहरीसमोर बामणोली-घेरादातेगडाची रांग आडवी येते, ठोसेघर-चाळकेवाडीचा पवनचक्क्यांचा माथा येतो. मुंबई तर दोनशे किलोमीटर दूर.

तरीही डोंगराआडच्या गावांत चित्र येऊ शकायचं. मुंग्या-मुंग्यांचं, हलणारं, आवाज आधी आणि चेहरा नंतर असं, पण यायचं. अँटिनाचा पाइप कुणी छपरावर फिरवायचा, खालून कुणी "आलं, आलं... गेलं" असं ओरडायचं, हा उद्योग ज्या पिढीने केला तिने नकळत भौतिकशास्त्रातला एक सुंदर प्रयोग केला आहे. मला तो प्रयोग नीट समजून घ्यावासा वाटतो, कारण त्यात सह्याद्रीच्या दगडाचा, कोयनेच्या पाण्याचा आणि इथल्या पावसाचाही वाटा आहे.

कुंभार्ली घाटात वळणापलीकडून येणाऱ्या एसटीचा हॉर्न ऐकू येतो, पण तिचे दिवे दिसत नाहीत. आवाजाची तरंगलांबी फूट-मीटरच्या घरातली, म्हणून तो कडेला वळसा घालतो. प्रकाशाची मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, म्हणून त्याचं वळणं नगण्य. या वळसा घालण्याला विवर्तन म्हणतात. टीव्हीच्या लहरी या दोहोंत आवाजाच्या बाजूच्या आहेत. मुंबईचं जुनं चॅनेल ४ हे ६१ ते ६८ मेगाहर्ट्झवर होतं, म्हणजे तरंगलांबी सुमारे ४.६ मीटर. पुण्याचं प्रक्षेपण १७४ मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात, म्हणजे १.७ मीटर. आजच्या डिजिटल प्रक्षेपणासाठी वापरतात त्या यूएचएफ पट्ट्याच्या खालच्या टोकाला ती ६० सेंटिमीटरच्या आसपास येते.

वळशाला किंमत पडते, आणि ती मोजता येते. समजा, मनोरा ४० किलोमीटरवर आहे, आपल्यापासून १० किलोमीटरवर डोंगराची एक धार आहे आणि ती मनोऱ्यापासून आपल्यापर्यंतच्या सरळ रेषेच्या ३०० मीटर वर उठली आहे. मोकळ्या वाटेने जेवढी शक्ती पोहोचली असती, तिचा ४.६ मीटरच्या लहरीच्या बाबतीत साधारण शंभरावा हिस्सा उरतो. १.७ मीटरच्या लहरीच्या बाबतीत पावणेतीनशेवा हिस्सा. ६० सेंटिमीटरची असेल तर आठशेवा. शंभरावा हिस्सा ऐकून धास्तावायचं कारण नाही, टीव्हीचा संच त्याहून कितीतरी क्षीण लहर उचलू शकतो आणि चांगला दिशादर्शी अँटिना समोरून येणारी शक्ती दहापट करून देतो. पण धारा एकीमागे एक दोन-तीन असल्या की हे गुणाकार अंगावर येतात. सिंहगड ते कोयना या वाटेवर त्या तशाच आहेत.

शिवाय वर मी धार म्हटलं, ते सोयीसाठी. हिशेबाच्या पुस्तकातला डोंगर सुरीच्या पात्यासारखा धरलेला असतो. हिमालयातली शिखरं त्या कल्पनेच्या जवळ जातात. तिथे एखादा टोकदार सुळका लहरीला पलीकडच्या दरीत इतक्या चांगल्या रीतीने उतरवतो, की तो नसता तर पृथ्वीच्या गोलाईआड सिग्नल आणखी क्षीण झाला असता. सह्याद्री लाव्हाच्या थरांचा. त्याचे माथे सपाट, म्हणजे सडे. कास, चाळकेवाडी, सडावाघापूर, पाचगणीचं टेबललँड, सगळे पसरलेले. लहर अशा माथ्याच्या एका काठाला वळते, सड्यावरून घासत जाते आणि दुसऱ्या काठाला पुन्हा वळते. दोनदा दंड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा आडवा पसरला याचा परिणाम कोयनेकाठच्या पाटण तालुक्यातल्या टीव्हीच्या पडद्यावर व्हायचा, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

कोयनेच्या खोऱ्याला एक अनुकूल बाजूही आहे. महाराष्ट्राच्या देशावरच्या बहुतेक नद्या पूर्वेला वाहतात. कोयना मात्र महाबळेश्वरला उगम पावून साठ-पासष्ट किलोमीटर दक्षिणेला येते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळून पाटणमार्गे कराडला कृष्णेला मिळते. या दक्षिणवाहिनी भागातच १०३ मीटर उंचीच्या धरणाने शिवसागर अडवला आहे. म्हणजे जलाशयाचं लांब, मोकळं अंग उत्तरेकडे आहे, नेमकं सिंहगडाच्या दिशेला. महाबळेश्वरच्या माथ्यावरून जे काही थोडंफार खाली वळतं, त्याला पुढे पाण्यावरून उतरायला वाट मिळते. पाणीही इथे निष्क्रिय नसतं. त्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेली लहर आणि थेट आलेली लहर एकमेकींना कुठे बळ देतात, कुठे खोडून काढतात. म्हणून अशा ठिकाणी अँटिना चार हात बाजूला सरकवल्याने चित्र उजळतं किंवा पार नाहीसं होतं.

वळशाच्या हिशेबातून एक व्यावहारिक नियमही निघतो, जो पाइपवर पाइप जोडून उंची वाढवणाऱ्यांना पटायला वेळ लागतो. डोंगराच्या अगदी पायथ्याशी असाल, तर लहरीला जवळजवळ उभं खाली वळावं लागतं, आणि ते तिला जमत नाही. दहा फुटांचा जादा पाइप तिथे फारसं काही करत नाही. त्याऐवजी डोंगरापासून मागे, खोऱ्याच्या समोरच्या उतारावर जा. वळायचा कोन कमी होतो आणि सिग्नल वाढतो. बूस्टर लावायचा तर तो वर, अँटिनाशेजारी. खाली टीव्हीजवळ लावला तर वायरीत क्षीण झालेल्या सिग्नलबरोबर गोंगाटही तो इमानाने वाढवून देतो.

गोंगाटाचा मुद्दा कोयनानगरात जास्त महत्त्वाचा. जलविद्युत प्रकल्पाच्या परिसरातून उच्चदाबाच्या वाहिन्या निघतात. इन्सुलेटरवर आणि तारांवर होणाऱ्या बारीक ठिणग्यांमुळे रेडिओलहरींचा खरखराट तयार होतो, आणि तो कमी वारंवारतेवर अधिक तीव्र असतो. म्हणजे मुंबईची लांब लहर डोंगर चांगला ओलांडणार, पण खरखरीत तीच आधी बुडणार. लहरीचा प्रत्येक गुण असा दुसरीकडे वसूल होतो.

जुन्या छपरांवर गंजलेले अँटिना अजून दिसले, तर त्यांच्या दांड्या जरूर मोजा. हा अँटिना जपानमधल्या सेंदाई इथे शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये मांडला. त्यातली मुख्य दांडी तरंगलांबीच्या साधारण निम्मी असते. दांडी सव्वादोन मीटरच्या आसपास असेल तर तो मुंबईसाठी लावलेला. दीड-पावणेदोन हात, म्हणजे पाऊण मीटरच्या आगेमागे असेल तर वरच्या पट्ट्यातल्या केंद्रासाठी. त्याचं आखूड दांड्यांचं टोक ज्या दिशेला, त्या दिशेला मनोरा, किंवा मनोऱ्याची लहर जिथून वाकते ती खिंड. गावाने त्या काळी आकाशात कुठे मान वळवली होती, ते छपरांवर लिहिलेलं आहे.

कधी कधी मात्र डोंगर-क्षितिज यांचा हिशेब हवाच बदलते. याचं जगातलं सर्वात गाजलेलं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचं आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईला २०० मेगाहर्ट्झवर चालणारं एक रडार होतं, म्हणजे पुढे पुणे दूरदर्शनला मिळालेल्या पट्ट्याच्या शेजारीच. उन्हाळ्यात त्याला शेकडो मैलांवरची जहाजं दिसायची, आणि अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी हजार मैलांहून लांबून परत यायचे. जूनच्या मध्यात पावसाळा लागला की तोच पल्ला एकदम आखडायचा. कारण हवेच्या थरांत आहे. उन्हाळ्यात अरबस्तानाकडून येणारी कोरडी, उष्ण हवा समुद्रावरच्या दमट, तुलनेने थंड थरावर पसरते. वर जाताना दमटपणा एकदम घटतो, त्यामुळे लहर खाली वाकते, पाण्यावर आपटून पुन्हा वर जाते, पुन्हा वाकते, आणि त्या उथळ थरातून पृथ्वीच्या गोलाईबरोबर प्रवास करते. मान्सूनचे वारे सगळे थर ढवळून एक करतात आणि वाट मिटते.

गुहागर-दापोलीच्या किनाऱ्याला हा लाभ होऊ शकतो. कोयनानगर समुद्रापासून साठ किलोमीटरवरच आहे, पण हा थर सह्याद्रीच्या माथ्याखाली राहतो, घाट चढून येत नाही. खोऱ्याच्या वाट्याला येतं ते हिवाळ्यातलं धाकटं रूप: निरभ्र रात्री गार हवा दरीत साचते, पहाटे जलाशयावर धुकं बसतं, वरची हवा उबदार राहते, आणि तासा-दोन तासांपुरता दूरचा सिग्नल अवचित सुधारतो. ऊन वर आलं की संपलं.

डिजिटल प्रक्षेपणाने या खेळाचे नियमच पालटले. ॲनालॉग चित्र हळूहळू मरतं. मुंग्या वाढतात, रंग जातो, सावल्या दिसतात, तरी बातम्या कळतात. डिजिटलला मधली अवस्था जवळजवळ नसते. उंबरठ्याच्या वर सिग्नल असेल तर चित्र स्वच्छ, जरा खाली गेला की चौकटी फुटतात आणि पडदा काळा. पण डोंगराळ भागासाठी त्यात एक मोठी देणगी आहे. ॲनालॉगमध्ये समोरच्या कड्यावरून आपटून उशिरा आलेली लहर चित्राशेजारी दुसरं चित्र काढायची. डिजिटल पद्धत माहिती हजारो मंद उपलहरींवर वाटते आणि दोन संकेतांमध्ये थोडी सवड ठेवते. डीव्हीबी-टी या पद्धतीत ती २२४ मायक्रोसेकंदांपर्यंत असू शकते. तेवढ्या वेळात लहर ६७ किलोमीटर जाते. म्हणजे इतका लांबचा वळसा घेऊन आलेला प्रतिध्वनीसुद्धा चित्र बिघडवत नाही, उलट कामी येतो. कड्यांनी वेढलेल्या खोऱ्यासाठी याहून सोयीची पद्धत कुणी आखली नसती.

ती कोयनेपर्यंत आली नाही. दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये देशातल्या १६ शहरांत डीव्हीबी-टी२ प्रक्षेपण सुरू केल्याचं जाहीर केलं. महाराष्ट्रातली त्यात दोनच, मुंबई आणि औरंगाबाद. आणि मार्च २०२२ अखेरपर्यंत देशातले जवळपास सगळे ॲनालॉग मनोरे शांत झाले. तोवर घरांवर उपग्रहाच्या छत्र्या आल्या होत्या. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. कोयनानगरहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून जवळजवळ ६० अंश वर दिसतो. इतक्या वर पाहणाऱ्या छत्रीला ना महाबळेश्वर आडवं येतं ना चाळकेवाडी. पन्नास वर्षांचा डोंगराचा प्रश्न एका कोनाने सुटला.

सुटला, पण पावसाळा सोडून. उपग्रहाची लहर ११-१२ गिगाहर्ट्झची, तरंगलांबी अडीच सेंटिमीटर. काही मिलिमीटरचे पावसाचे थेंब तिला शोषतात आणि विखुरतात. तासाला ५० मिलिमीटर वेगाने कोसळणाऱ्या सरीत दर किलोमीटरला सुमारे ४० टक्के शक्ती खर्ची पडते. सर सलग तीन किलोमीटर जाडीची असेल, तर पाचवा हिस्सा उरतो. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत. जोराच्या सरीत पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी येते ती यामुळे. ६० सेंटिमीटरच्या यूएचएफ लहरीला त्याच पावसाची जाणीवही होत नाही.

इथे मला ठामपणे एक म्हणायचं आहे. धरणातून किती विसर्ग होणार, कोणता घाट बंद आहे, दरड कुठे आली, हे कळण्याची सर्वाधिक गरज जोराच्या पावसातच असते. जुलै २०२१ मध्ये याच पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गेली. अशा खोऱ्याला आकाशातल्या एकाच वाटेवर अवलंबून ठेवणं योग्य नाही. मोबाइलवर थेट प्रक्षेपण उतरवण्याच्या चाचण्या प्रसार भारतीने हाती घेतल्या आहेत आणि त्यासाठी ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झ या पट्ट्याचा विचार झाला आहे. हा जुना टीव्हीचाच पट्टा. शहरांच्या आधी तो कोयनेसारख्या खोऱ्यांत आला पाहिजे. त्यासाठी सिंहगडावरच्यासारख्या प्रचंड मनोऱ्याची गरज नाही. खोऱ्यात डोकावणाऱ्या सड्यावरचा कमी शक्तीचा पुनःक्षेपक पुरेल. वीज, रस्ता आणि देखभालीची माणसं पवनचक्क्यांमुळे या सड्यांवर आधीच पोहोचली आहेत. एका वळणाआड सिग्नल गेला नाही, तर पुढच्या माथ्यावर त्याच वारंवारतेचा दुसरा पुनःक्षेपक बसवता येतो. दोघांच्या लहरी एकमेकींत मिसळल्या तरी मघाच्या सवडीमुळे भांडण होत नाही. आणि घरावर लागणाऱ्या अँटिनाची दांडी या पट्ट्यात फूटभराची असेल.